टक्कल : दोष पाण्याचा, हेल्मेटचा की मामाचा?

हॉस्टेलवर राहायला आलेला प्रत्येक मुलगा पहिल्या सहा महिन्यांत दोन गोष्टींना नावं ठेवायला शिकतो. एक म्हणजे मेसची आमटी आणि दुसरं बोअरचं पाणी. आमटीबद्दल मी काही लिहिणार नाही, तो मेस कमिटीचा प्रांत आहे. पण बोअरच्या पाण्यावर एक गंभीर आरोप आहे, "या पाण्याने केस जातात!" सेकंड इयरला पोचेपर्यंत आरोपींची यादी वाढत जाते. हेल्मेट, शाम्पू, हेअर जेल, जागरणं, सबमिशनचं टेन्शन... आणि दिवाळीला घरी गेलं की आजी एका वाक्यात निकाल देऊन मोकळी, "मामाच्या वळणावर गेलाय हो!"

तर मित्रहो, या सगळ्यांत खरा दोषी कोण, हे जरा पुराव्यानिशी बघू या. विषय चेष्टेचा वाटतो आणि आपल्याकडे त्याची चेष्टाच होते. पण आमच्या विंगमध्ये एक जण वर्षभर विकतच्या पाण्याचा जार आणून डोकं धुतोय. दुसऱ्याने मेसचं एक वेळचं जेवण बंद केलंय आणि त्या पैशांत तो तेलं मागवतो. तिसरा टोपीशिवाय फोटो काढू देत नाही. गॅदरिंगला झकास मिमिक्री करायचा, यंदा स्टेजवर आलाच नाही. तिघंही वीस-एकवीस वर्षांचे. कुणाशी मोकळेपणाने बोलायची सोय नाही, कारण बोललं की दुसऱ्या दिवसापासून नाव 'टकल्या'! मग रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधायचं आणि जी पहिली जाहिरात दिसेल ती बाटली मागवायची. म्हणून हा लेख.

केसाचा कारखाना

आधी केस म्हणजे काय ते पाहू. आपल्याला जो दिसतो तो केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रोटीनचा निर्जीव धागा. त्यात जीव नसतो, म्हणूनच तर न्हाव्याकडे दुखत नाही. जिवंत भाग असतो तो कातडीच्या आत, काही मिलिमीटर खोल. केस ज्या नळीसारख्या खोबणीतून उगवतो तिला फॉलिकल म्हणतात. (मराठी पुस्तकांत केशमूळ, केशकूप असे शब्द आहेत. पण माझं सगळं बायोलॉजी कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजीतून झालंय, तेव्हा 'फॉलिकल'च चालवून घ्या.) या फॉलिकलच्या तळाशी पेशींचा एक छोटा गठ्ठा असतो, डर्मल पॅपिला. हा त्या कारखान्याचा फोरमन. केस किती जाड करायचा, किती दिवस वाढवायचा, मशिन कधी बंद करायचं, या सगळ्या ऑर्डरी तिथून निघतात.

हा कारखाना तीन पाळ्यांत चालतो. पहिली पाळी वाढीची, तिला अ‍ॅनाजेन म्हणतात. डोक्यावर ती साधारण दोन ते सहा वर्षं चालते. मग दोन-तीन आठवड्यांची आवराआवर, म्हणजे कॅटाजेन. आणि शेवटी सुमारे तीन महिन्यांची विश्रांती, टेलोजेन. विश्रांती संपता संपता जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा उगवायला लागतो. प्रत्येक फॉलिकलचं वेळापत्रक वेगळं असतं, नाहीतर आपण सगळे दर तीन-चार वर्षांनी एकदम बोडके झालो असतो!

आता इंजिनिअर आहोत तर थोडा हिशेब करू. डोक्यावर साधारण १ लाख केस. वाढीचा काळ १,००० दिवस धरू, विश्रांती १०० दिवस. एक चक्र ११०० दिवसांचं. म्हणजे रोज गळणारे केस १,००,००० भागिले ११००, सुमारे ९०. डॉक्टर रोज ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे असं सांगतात ते इथे जुळतं. तेव्हा उशीवर चाळीस केस दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. कारखाना ठरल्याप्रमाणे चालू आहे.

मग टक्कल पडतं तेव्हा बिघडतं काय? बहुतेकांना वाटतं की केस मुळापासून निघतात आणि जागा रिकामी होते. तसं नसतं. फॉलिकल तिथेच असतं, पण दर चक्राला ते थोडं लहान होत जातं आणि वाढीची पाळी आखूड होत जाते. केस दिवसाला सुमारे ०.३५ मिलिमीटर वाढतो. १,००० दिवसांची पाळी असेल तर केस ३५ सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. पाळी १०० दिवसांवर आली तर केस साडेतीन सेंटिमीटरलाच गळणार. शिवाय जाडी. चांगल्या केसाचा व्यास ०.०८ मिमी धरा. तो ०.०४ झाला तर क्षेत्रफळ निम्मं नाही, पाव होतं. केसांची संख्या तेवढीच, पण डोकं झाकणारा माल कितीतरी कमी! शेवटी उरते ती नुसती लव. आरशात 'केस गेले' असं जे दिसतं, ते खरं म्हणजे केस बारीक आणि आखूड होत गेल्याचं दृश्य असतं. या क्रियेला मिनिएचरायझेशन म्हणतात आणि आजाराचं पूर्ण नाव अँड्रोजेनेटिक अ‍ॅलोपेशिया. नावातच दोन आरोपी आहेत : अँड्रोजेन म्हणजे पुरुषी हार्मोन आणि जेनेटिक म्हणजे आनुवंशिक.

म्हणून उशीवरचे केस मोजण्यापेक्षा ते कसे आहेत ते बघावं. लांब, जाड केस गळत असतील तर ते बहुधा चक्र पूर्ण झालेले. तुमचे बाकीचे केस लांब असताना तीन सेंटिमीटरपेक्षा आखूड, बारीक, न कापलेल्या निमुळत्या टोकाचे केस बरेच दिसायला लागले, तर मात्र लक्ष द्यायला हवं.

हार्मोनचा माग

पुरुषी हार्मोनचा संबंध माणसाच्या फार पूर्वीच लक्षात आला होता. खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, अशी नोंद ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत सापडते. पण निरीक्षण वेगळं आणि पुरावा वेगळा. पुरावा मिळाला तो १९४२ मध्ये, जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाकडून. वयात येण्यापूर्वीच ज्यांची वृषणं निकामी झाली किंवा काढली गेली, अशा पुरुषांचा त्याने अभ्यास केला. त्यांना टक्कल पडलं नव्हतं. त्यातल्या काहींना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस मागे हटायला लागले, बाकीच्यांचे नाही. हार्मोन थांबवल्यावर टक्कल वाढायचं थांबलं, पण गेलेले केस परत आले नाहीत.

या एका अभ्यासात जवळजवळ सगळं उत्तर आहे. हार्मोन लागतंच, पण नुसतं हार्मोन पुरत नाही, आनुवंशिक कलही लागतो. आणि वेळ गेली की गेली. केस मागे हटण्याच्या पायऱ्यांचं वर्गीकरणही हॅमिल्टननेच केलं. १९७५ मध्ये नॉरवूडने ते सुधारलं. त्वचारोगतज्ज्ञ आजही 'नॉरवूड दोन', 'नॉरवूड चार' असं म्हणतात ते हेच. एक ते सात, आपल्या सेमिस्टरसारखं, फक्त इथे पुढे जायची कुणाला घाई नसते!

पुढचा धागा सापडला तो कॅरिबियन बेटांवर, डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास या आडगावात. तिथल्या काही घराण्यांतली मुलं जन्मतः मुलीसारखी दिसत, मुली म्हणूनच वाढत आणि वयात आल्यावर त्यांचा आवाज फुटून ती मुलगे होत. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिनली आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये याचं कारण प्रसिद्ध केलं. आपल्या शरीरात फाइव्ह-अल्फा रिडक्टेज नावाचं एक एन्झाइम असतं. ते टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, थोडक्यात डीएचटीमध्ये करतं. या मुलांमध्ये ते एन्झाइम जन्मापासून अपुरं होतं. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, पण डीएचटी अगदी कमी. मोठेपणी ही माणसं पिळदार अंगाची झाली, आवाज भारदस्त, पण दाढी विरळ, प्रोस्टेट ग्रंथी लहान आणि कपाळावरची केसांची रेषा मात्र जागच्या जागी!

म्हणजे टकलाचा खरा कर्ता टेस्टोस्टेरॉन नव्हे, डीएचटी.

डीएचटी करतं काय?

डर्मल पॅपिलाच्या पेशींमध्ये अँड्रोजेन रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि हार्मोन म्हणजे किल्ली असं समजा. टेस्टोस्टेरॉनही या कुलपाला लागतं, पण डीएचटी जास्त घट्ट बसतं आणि लवकर सुटत नाही. किल्ली फिरली की फोरमन काही रासायनिक निरोप सोडायला लागतो, त्यांतले टीजीएफ-बीटा आणि डीकेके-वन हे जास्त अभ्यासलेले. निरोपाचा मथितार्थ एवढाच : "वाढीची पाळी लवकर संपवा."

यात एक गंमत आहे. हाच डीएचटी हनुवटीवर गेला की दाढी दाट करतो. डोक्याच्या मागच्या आणि कानाजवळच्या पट्ट्याला तो फारसं काही करत नाही. एकच सिग्नल, एकच रक्त, आणि तीन जागी तीन आउटपुट! कारण प्रोग्रॅम फॉलिकलच्या आत लिहिलेला असतो. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये हेच दाखवून दिलं. मागचे केस काढून पुढच्या टकलात लावले तर ते मागच्यासारखेच वागतात, जागा बदलली तरी स्वभाव बदलत नाहीत. आजचं सगळं हेअर ट्रान्सप्लांट या एका तत्त्वावर उभं आहे.

इथेच हॉस्टेलमधला आणखी एक लाडका समज खोटा ठरतो. टक्कल पडणाऱ्यांच्या अंगात पुरुषी हार्मोन जास्त असतं, असं म्हणतात. (असं म्हणणारे बहुधा स्वतः टकलाच्या वाटेवर असतात!) प्रत्यक्षात दोघांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन सर्वसाधारणपणे सारखंच असतं. फरक असतो तो डोक्याच्या कातडीत, एन्झाइम किती काम करतं आणि रिसेप्टर किती हळवे आहेत यात.

आता मामाची केस

अँड्रोजेन रिसेप्टरचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो आणि मुलाला एक्स मिळतो तो फक्त आईकडून. आजीच्या निकालाला एवढा आधार आहे खरा. पण प्रॉबॅबिलिटी लावून बघा. आईकडे दोन एक्स, एक तिच्या वडिलांचा आणि एक तिच्या आईचा. रिसेप्टरचा जीन मला आजोबांकडून मिळण्याची शक्यता १/२. आजीकडून मिळण्याची उरलेली १/२. पण आजीकडेही दोन प्रती, आणि मामाला त्यातली एकच मिळाली. म्हणजे माझी आणि मामाची प्रत तीच असण्याची शक्यता १/२ गुणिले १/२, फक्त १/४. मामापेक्षा आईचे वडील कसे होते ते विचारा!

आणि वडीलही सुटत नाहीत. विसाव्या क्रोमोसोमवरचा एक महत्त्वाचा भाग २००८ मध्ये सापडला, तो दोघांकडूनही येऊ शकतो. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या ५०,००० हून जास्त पुरुषांच्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात टकलाशी संबंधित अडीचशेपेक्षा जास्त जागा निघाल्या. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून असं दिसतं की टकलाच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्याचा साधारण ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा आहे. तेव्हा एकट्या मामाला धरून उपयोग नाही, अख्खं गणगोत सामील आहे.

बाकीचे आरोपी

बोअरचं पाणी : जड पाण्याने केस राठ होतात, साबणाला फेस येत नाही, हे खरं. पण पाणी पोचतं ते केसाच्या निर्जीव धाग्यापर्यंत. खाली बसलेल्या फोरमनला त्याचा पत्ताही नसतो. या प्रकारच्या टकलाबाबत पाणी निर्दोष.

हेल्मेट : निर्दोष. फॉलिकलला रक्त आतून मिळतं, वरून हवा लागत नाही. केस वाचवायला म्हणून हेल्मेट डिकीत ठेवणाऱ्यांनी आधी डोकं वाचवावं, केस त्याच्यावरच उगवतात.

गोटा करणे : गोटा केल्यावर केस दाट येतात असं वाटतं, कारण कापलेलं टोक बोथट असतं आणि खुंट हाताला टोचतो. फॉलिकलची संख्या आणि आकार होता तोच.

तेल : मालिशने बरं वाटतं, केस मऊ राहतात, आईच्या हातचं असेल तर झोपही छान लागते. पण डीएचटीला तेल अडवतं असा भक्कम पुरावा नाही.

बायोटिनच्या गोळ्या : शरीरात बायोटिन खरंच कमी असेल तर उपयोग, आणि ते क्वचितच कमी असतं. उलट मोठ्या डोसमुळे थायरॉइडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात.

ताप, टेन्शन, क्रॅश डाएट : हा आरोपी खरा आहे, पण गुन्हा वेगळा. डेंग्यू, टायफॉइड, कोविडसारखा मोठा ताप, ऑपरेशन किंवा अचानक खाणं कमी केलं, की बरेच फॉलिकल एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून मूठमूठ केस गळतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. ऑगस्टमध्ये डेंग्यू झालेल्याचे केस नोव्हेंबरात गळतात आणि तो बिचारा शाम्पूला दोष देतो! यात फॉलिकल लहान झालेलं नसतं, त्यामुळे कारण दूर झाल्यावर केस बहुधा आपोआप येतात. जेवण बंद करून तेल मागवणाऱ्या आमच्या मित्राने हा परिच्छेद दोनदा वाचावा. नाण्याएवढा गोल गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती केसांवर उठलेली असते. तिचा इलाज निराळा.

करायचं काय?

सर्वांत चांगला पुरावा दोन औषधांच्या मागे आहे आणि दोन्ही योगायोगाने इथे पोचली. मिनॉक्सिडिल हे ब्लडप्रेशरचं औषध. घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस यायला लागले, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावायचं औषध म्हणून मंजूर झालं. ते वाढीची पाळी लांबवतं, डीएचटीला हात लावत नाही. परिणाम दिसायला चार-सहा महिने लागतात आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळू शकतात. बरेच जण इथेच घाबरून सोडून देतात.

दुसरं फिनास्टराइड. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या त्या शोधातूनच याची कल्पना निघाली : एन्झाइमच अडवायचं. १९९२ मध्ये ते प्रोस्टेटसाठी आलं आणि १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची गोळी टकलासाठी मंजूर झाली. रक्तातलं डीएचटी ती सुमारे ७० टक्क्यांनी कमी करते. पण ही गोळी मित्राच्या ड्रॉवरमधून घ्यायची नाही! काही जणांना लैंगिक तक्रारी होतात, काहींना नैराश्य येतं. आत्महत्येचे विचार हा तिचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामक यंत्रणेने २०२५ मध्ये मान्य केलं. परीक्षेच्या दिवसांत आधीच मन थाऱ्यावर नसतं, तेव्हा डॉक्टरांशी बोलूनच आणि घरच्या कुणाला तरी सांगूनच. ही गोळी चालू असेल तर एनएसएसच्या रक्तदान शिबिरात आधी सांगा, कारण ते रक्त गरोदर स्त्रीला मिळालं तर पोटातल्या मुलाच्या वाढीला धोका असतो. आणि आमच्या स्टाफमधल्या वडीलधाऱ्यांसाठी : प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना गोळीबद्दल सांगायला विसरू नका, तिच्यामुळे आकडा साधारण निम्मा दिसतो.

दोन्ही औषधांचं एक सारखं आहे, बंद केली की काही महिन्यांत मिळवलेलं जातं. ही एक परीक्षा देऊन सुटण्याची गोष्ट नाही, दर महिन्याचा खर्च आहे. तो परवडणार आहे का, हा प्रश्न सुरू करण्यापूर्वीच स्वतःला विचारावा. ट्रान्सप्लांटचा विचार विसाव्या वर्षी न केलेला बरा. टकलाचा नकाशा अजून पुरता ठरलेला नसतो. आज पुढे केस लावले आणि पाच वर्षांनी त्यांच्या मागचे गेले, तर मध्येच एक बेट उरतं!

संशोधन पुढे चाललंय. २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की टकलाच्या कातडीत केसांच्या मूळ स्टेम सेल्स शाबूत असतात. त्यांच्यापासून तयार होणाऱ्या पुढच्या पेशी मात्र कमी झालेल्या असतात. कच्चा माल गोदामात आहे, लाइन बंद पडलीय. लाइन पुन्हा कशी चालू करायची, याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते असं. शंका असेल तर दर तीन महिन्यांनी, एकाच जागी, एकाच उजेडात कपाळाचा आणि माथ्याचा एक फोटो काढून ठेवा. रोज आरशात बघून काही कळत नाही, चार फोटो शेजारी ठेवले की कळतं. फरक दिसला तर सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत जा. तिथला केसपेपर एका तेलाच्या बाटलीपेक्षा खूप स्वस्त असतो. डॉक्टर भिंगातून केसांची जाडी बघून टक्कल, चाई की तापानंतरची गळती, हे सांगू शकतात. इलाज घ्यायचा की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. युरोपीय वंशाच्या पुरुषांत पन्नाशीपर्यंत साधारण निम्म्यांना कमी-जास्त टक्कल पडतं आणि त्यातले कितीतरी जण काहीही न करता मजेत जगतात. तोही एक पर्याय आहे, फुकट आणि साइड इफेक्टशिवाय!

मात्र इलाज घ्या किंवा घेऊ नका, एवढं पक्कं ध्यानात ठेवा की यात तुमचा काही दोष नाही. तुम्ही चुकीचा शाम्पू वापरला नाही, कमी तेल लावलं नाही, जास्त विचार केला नाही. काही जीन आणि एक हार्मोन, दोन्ही जन्माआधीपासून ठरलेले. आणि ज्यांचे केस अजून कपाळावर येतात त्यांना एक विनंती. पुढच्या गॅदरिंगला त्या मिमिक्रीवाल्याला स्टेजवर ओढून आणा, आणि हाक मारताना त्याच्या नावानेच मारा.